सवलत कोणासाठी?

अमेरिकेतील सुपरमार्केटांत सवलतीचे कागदी कुपन कापून नेण्याची प्रथा जुनी आहे. नियम जाचक खरे. एका वस्तूस एकच कुपन, मुदत टळली की रद्दी. पण ते कुपनावरच छापलेले असत आणि वाचता येणाऱ्या कोणालाही पाळता येत. आता मात्र अनेक सवलती केवळ मोबाइलवरील अ‍ॅपमधूनच मिळतात. फळीवरच्या पाटीवर स्वस्त दर वाचून वस्तू उचलणाऱ्या वृद्धेस गल्ल्यावर पूर्ण दाम मोजावे लागते. बचतीची निकड ज्याला अधिक, त्यालाच ती नाकारावी, हा कोणता व्यापारधर्म? कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो नगरपरिषदेने २०२५ साली अशा सवलतींसाठी कागदी कुपनाची सोय बंधनकारक केली, हे उचितच झाले. दुकानदारांस ही ढवळाढवळ वाटेल. पण मोबाइल नसणाऱ्यांनी आमची पाटी वाचू नये, असे त्यांनी कोठे लिहिले होते?