रक्तस्राव शून्य, जगणे किती?

हिमोफिलियाचा उपचार लागू पडतो आहे की नाही, हे आजवर मुख्यतः एका आकड्यावर ठरत आले आहे: वर्षभरात रक्तस्राव किती वेळा झाला. आकडा सोपा आहे, औषधांच्या चाचण्यांतही तोच चालतो. पण शून्य दोन वाटांनी येते. एक, औषध लागू पडले म्हणून. दुसरी, मुलाला मैदानावर जाऊ दिले नाही, सायकल दिली नाही, सहलीला पाठवले नाही म्हणून. नोंदवहीत दोन्ही शून्ये सारखीच दिसतात.

रक्त गोठवणारा आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया 'ए', नववा कमी असला तर 'बी'. साधारण ५ हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' असतो. आजार तीव्र असेल तर हा घटक १ टक्क्याहूनही कमी असतो आणि काही लागलेले नसतानाही गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरते. एकाच सांध्यात हे वारंवार झाले की कूर्चा झिजते. पुढे औषधाने रक्तस्राव थांबला तरी तो सांधा दुखतच राहतो, आणि हे दुखणे रक्तस्रावाच्या मोजणीत कुठेच येत नाही.

म्हणून रुग्णालाच विचारायचे. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. प्रौढांसाठीच्या 'हीम-ए-क्यूओएल'मध्ये ४६ प्रश्न आहेत. शारीरिक त्रासाबरोबरच खेळ, नोकरी, भविष्याची चिंता, जोडीदाराशी नाते यांबद्दलही ती विचारते. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा मोजमापांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आपल्या गर्दीच्या ओपीडीत मात्र 'बरं आहे ना?' एवढ्यावरच काम भागते.

अर्थात, विचारले की खरे कळतेच असे नाही. लहानपणापासून ज्याचा गुडघा दुखतो आहे, त्याला न दुखणारा गुडघा कसा असतो हेच ठाऊक नसते. 'दुखते का?' या प्रश्नावर तो सहज 'नाही' म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याने आयुष्यच त्या गुडघ्याच्या बेताने आखलेले असते. त्याला विचारायला हवे ते वेगळेच: कोणते काम सोडून दिले? बसमध्ये उभ्याने प्रवास टाळता का? कामावरच्या लोकांना आजार सांगितला आहे का?

हे प्रश्न इथल्या जगण्यातून यायला हवेत. परक्या प्रश्नावलीचे नुसते भाषांतर पुरत नाही. जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, एसटीची उंच पायरी चढणे, यांवर इथे माणसाचा दिवस अवलंबून असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी तयार केलेल्या 'फिश' या मोजणीत ८ क्रिया प्रत्यक्ष करून दाखवाव्या लागतात, आणि उकिडवे बसणे ही त्यांतली एक आहे. ही समज मोलाची. तरीही शरीराला काय जमते एवढेच त्यातून कळते. माणूस भीतीपोटी काय टाळतो, ते त्याच्या तोंडूनच ऐकावे लागते. दोन्ही हवे.

प्रश्न पैशाचाही आहे. नियमित फॅक्टर घेणाऱ्याला आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून इंजेक्शन घ्यावे लागते, आणि लहान मुलाची शीर सापडणे ही घरातली रोजची लढाई होते. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एमिसिझुमॅब त्वचेखाली, आठवड्याने किंवा चार आठवड्यांनीही देता येते. ते 'ए' प्रकारासाठी आहे. औषध महाग आहे. ते परवडेल का, हे ठरवताना केवळ टळलेले रक्तस्राव धरले, तर वाचलेली शाळा, आईची न बुडालेली मजुरी आणि सुयांपासून झालेली सुटका हिशेबाबाहेरच राहते. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला अपंगत्व मानले आहे. मग त्या अपंगत्वाचे मोजमाप रक्ताच्या नमुन्यापाशीच थांबवणे विसंगत आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'चो-क्लॅट' या प्रश्नावलीचे मुलासाठी एक आणि पालकांसाठी एक असे दोन नमुने आहेत, कारण दोघांची उत्तरे जुळतीलच असे नाही. आईला रक्तस्रावाची धास्ती असते, मुलाला संघात न घेतल्याचे दुःख. भरलेला कागद केसपेपरला जोडला जावा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो उघडून विचारावे: मागच्या वेळी जिना चढवत नव्हता, आता?