ठिपका की वर्तुळ?

समजा तुम्ही वाईला आपल्या घरात बसला आहात. मोबाइलमधले ‘लोकेशन’ बंद आहे. हवामान बघायला तुम्ही एक पान उघडता आणि ते छातीठोकपणे सांगते, “मुंबई. आज जोरदार पाऊस!” खिडकीतून डोकावावे तर बाहेर चक्क ऊन! आता बोला! गावाचे नाव तर आपण कुठे लिहिलेच नव्हते. मग या पठ्ठ्याला मुंबई सांगितली कोणी?

सांगितली ती एका तक्त्याने. हा तक्ता विकत मिळतो, पण त्याच्याबरोबर अटी येतात. आणि तो नीट वाचला नाही, तर कुणाची तरी झोप उडते. कशी, ते आज पाहू.

इंटरनेटला जोडलेले यंत्र एका क्रमांकाने ओळखले जाते. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. नावात ‘अॅड्रेस’ असला, तरी त्यात गल्ली, गाव, पिनकोड यातले काहीसुद्धा नसते बरं का! जुन्या पद्धतीच्या क्रमांकात नुसते चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. असे एकूण सुमारे ४२९ कोटी क्रमांक होतात. ते गठ्ठ्यागठ्ठ्याने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना वाटलेले असतात.

कोणता गठ्ठा कुठे वापरला जातो, याचे धागेदोरे जुळवून काही कंपन्या भलामोठा तक्ता तयार करतात. अमेरिकेतली मॅक्समाइंड ही त्यांतलीच एक. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत लिहिलेले असते : या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत अमुक देश, अमुक राज्य, अमुक शहर, इतके अक्षांश, इतके रेखांश. आपल्या मोबाइल कंपनीचा गठ्ठा तक्त्यात मुंबईच्या नावावर असला, की वाईतले आपणही क्षणात मुंबईकर!

हा तक्ता कोणाला लागतो? बँकेला लागतो. सकाळी पुण्यातून उघडलेले खाते तासाभराने दुसऱ्याच देशातून कोणी उघडले, तर बँक सावध होते. एखादा सामना फक्त भारतातच दाखवायचा असेल, तर तो दाखवणाऱ्यांनाही लागतो.

मग मागवायचा कसा? कंपनीकडे खाते उघडायचे, अटी मान्य करायच्या, की अक्षरे आणि आकडे मिळून झालेली एक ‘किल्ली’ मिळते. ती दाखवली की तक्ता आपल्या संगणकावर उतरतो. मॅक्समाइंडचा थोडा कमी अचूक असा मोफत तक्ताही आहे. पण २०१९च्या डिसेंबरअखेरीपासून त्यालासुद्धा खाते आणि किल्ली लागते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दुकानातून वही आणली की ती आपली झाली. तिचे विमान करा नाहीतर होडी! तक्त्याचे तसे नाही. आपल्याला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. वाचनालयातल्या पुस्तकासारखाच की! मोफत तक्त्याच्या अटी पाहा. माहिती कुठून घेतली, ते लिहायचे. नवा तक्ता निघाला, की जुना ३० दिवसांच्या आत पुसून टाकायचा. आणि सर्वांत महत्त्वाची अट : हा तक्ता वापरून एखादी विशिष्ट व्यक्ती, कुटुंब किंवा घर शोधायचे नाही.

“ही कसली अट?” असं वाटलं ना? मग अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चला.

तिथे पॉटविन नावाच्या छोट्या गावाजवळ एक शेतघर आहे. त्या घरी वर्षानुवर्षे भलतीच माणसे येत. कधी पोलिस, कधी कर खात्याचे अधिकारी, कधी रुग्णवाहिका. कोणी म्हणे, “आमचे पैसे तुम्ही लुबाडलेत.” एकाने तर दारासमोर फुटके शौचपात्र आणून टाकले! घरातली माणसे बिचारी निरपराध. शेवटी तिथल्या शेरीफने वाटेवर पाटी लावली, की इथे येण्याआधी माझ्याशी बोला.

हे कोडे २०१६ साली कश्मीर हिल या पत्रकार बाईंनी उलगडले. झाले होते असे : पुष्कळ क्रमांकांबद्दल मॅक्समाइंडला ‘अमेरिका’ एवढेच ठाऊक होते. पण तक्त्यात अक्षांश-रेखांशांचा रकाना होता, त्यात काहीतरी भरायला हवे. म्हणून त्यांनी देशाच्या मध्याजवळचे सुटसुटीत आकडे निवडले : ३८ उत्तर, ९७ पश्चिम. नेमके तिथेच ते शेतघर! ६० कोटींहून अधिक क्रमांक त्या एका ठिपक्यावर येऊन बसले. कुठेही कोणी गुन्हा केला, की बोट त्या घराकडे!

चूक कोणाची? ‘माहीत नाही’ असे लिहायचे सोडून आकडा भरणाऱ्यांची तर होतीच. पण आमची माहिती फार तर शहरापर्यंत किंवा पिनकोडसारख्या विभागापर्यंत चालते, असे कंपनी सांगत आली होती. ते न वाचता ठिपक्यालाच घर समजून दार ठोठावणाऱ्यांचे काय?

त्यानंतर कंपनीने तो ठिपका विचिटा शहराच्या पश्चिमेकडच्या एका जलाशयात नेऊन ठेवला. आता ठोठवा म्हणावं पाण्याचं दार! शिवाय आज तक्त्यात आणखी एक रकाना असतो, अचूकतेच्या त्रिज्येचा. जलाशयातल्या त्या ठिपक्यापुढे त्रिज्या असते १००० किलोमीटर! म्हणजे, ‘यंत्र या वर्तुळात कुठेतरी असावे’, एवढेच त्या ओळीचे म्हणणे असते.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. घरातल्या मोठ्यांना विचारून मोबाइलचे लोकेशन बंद करा आणि हवामानाचे पान उघडा. कोणते गाव दिसते, ते वहीत लिहा. मग अॅटलास काढा, नकाशाखालचे प्रमाण बघून आपले गाव ते ‘दिसलेले’ गाव हे अंतर मोजा. तेवढी त्रिज्या घेऊन दिसलेल्या गावाभोवती कंपासने वर्तुळ काढा. त्या वर्तुळात किती गावे येतात, मोजा बघू! कोणाचे वर्तुळ सर्वांत मोठे निघाले, ते आम्हाला जरूर कळवा.