बर्लिनची भिंत महासत्तांच्या भांडणातून उभी राहिली, हे अर्धसत्य

शीतयुद्धाच्या बहुतेक सोप्या मांडण्यांत बर्लिनचा नकाशा एकाच पद्धतीने रंगवला जातो: एका बाजूस वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूस मॉस्को आणि मध्ये पटावरच्या प्याद्यांसारखे बर्लिनकर. दोन महासत्तांत भांडण जुंपले, त्यातून १९६१ ची भिंत उभी राहिली आणि सामान्य माणूस भरडला गेला, असा हा क्रम. ऐकायला तो नीटनेटका वाटतो. प्रत्यक्षातला कालक्रम मात्र जवळजवळ उलटा आहे. आधी माणसे चालू लागली. महासत्ता त्यांच्यामागून धावल्या.

२६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीलगतची आपली सीमा बंद केली. सीमेजवळच्या गावांतील हजारो 'अविश्वासू' रहिवाशांना घरेदारे सोडायला लावली. बर्लिन शहर चार विजेत्या राष्ट्रांच्या संयुक्त अधिकाराखाली असल्यामुळे तेथील फट तेवढी उघडी राहिली. पूर्व बर्लिनमध्ये उपनगरी गाडीत बसायचे आणि काही स्थानके ओलांडून पश्चिमेत उतरायचे, एवढाच तो प्रवास. हाती सामान थोडे, कारण मोठी पेटी पोलिसांच्या नजरेत भरे. तेथून मारियेनफेल्डेच्या निर्वासित छावणीत नोंदणी. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसे अशी पूर्व जर्मनी सोडून गेली. १९५० साली त्या देशाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्यांतील जवळपास निम्मे पंचविशीच्या आतले होते.

हे सारे पश्चिमेच्या चिथावणीने घडले, असे पूर्व जर्मन सत्ताधारी अखेरपर्यंत म्हणत राहिले. आजही हा युक्तिवाद नव्या कपड्यांत अधूनमधून भेटतो. त्यात तथ्याचा अंश आहे. पश्चिमेत मार्शल योजनेचा पैसा होता, पगार जास्त होता, आणि आलेल्या प्रत्येक जर्मनास तेथील कायदा आपला नागरिक मानत होता. उलट पूर्वेकडील कारखान्यांची यंत्रे सोव्हिएत युनियनने युद्धभरपाई म्हणून उचलून नेली होती. पण केवळ ओढ हेच कारण असते तर ओघ सारखा राहिला असता. तो सारखा नव्हता. १९५३ साली, कामाचा बोजा वाढवला गेला आणि १७ जूनचा कामगारांचा उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला त्या वर्षी, ३ लाख ३१ हजार माणसे गेली. १९५९ मध्ये आकडा १ लाख ४४ हजारांपर्यंत उतरला. १९६० च्या वसंतात शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक शेतीत ओढल्या गेल्या, आणि त्या वर्षी तो पुन्हा २ लाखांच्या घरात पोहोचला. कुंपणच शेत खाऊ लागले होते आणि दोष मात्र शेजाऱ्याला दिला जात होता.

गंमत अशी की, हे निदान मॉस्कोनेच सर्वांआधी केले होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर, जून १९५३ च्या आरंभी, सोव्हिएत नेतृत्वाने वाल्टर उल्ब्रिख्ट यांना बोलावून सुनावले की लोक पळत आहेत ते तुमच्या धोरणांमुळे. धोरण सैल करा. उल्ब्रिख्ट यांनी काही काळ मान डोलावली. पुढे त्यांनी उलटा तगादा लावला: सीमा बंद करू द्या. समाजवाद आपल्याच नागरिकांना तारेत कोंडतो हे चित्र जगापुढे जाणे ख्रुश्चेव्ह यांना परवडणारे नव्हते. नोव्हेंबर १९५८ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य सैन्याने बर्लिन सोडावे म्हणून सहा महिन्यांची मुदत दिली. पश्चिम जर्मनीच्या हाती अण्वस्त्रे जाण्याची भीती त्यामागे होतीच. पण त्या उघड्या फटीतून रिकामा होत चाललेला देशही होता. जून १९६१ मध्ये व्हिएन्नात केनेडींसमोर हीच मागणी पुन्हा आली. तिने घबराट वाढली आणि जुलैत सुमारे ३० हजार माणसांनी देश सोडला. धमकी ज्या गळतीला थांबवण्यासाठी होती, ती गळती धमकीनेच वाढली. १५ जूनला उल्ब्रिख्ट पत्रकारांना सांगत होते की भिंत बांधण्याचा कोणाचाही इरादा नाही. १३ ऑगस्टच्या रविवारी पहाटे काटेरी तारा अंथरल्या गेल्या.

दुसरी दंतकथा अमेरिकी धैर्याची. केनेडींनी २५ जुलैच्या भाषणात रक्षणाची हमी दिली ती पश्चिम बर्लिनची. पूर्व बर्लिनकरांच्या येण्याजाण्याविषयी अवाक्षर नव्हते. पूर्व जर्मनी आपली सीमा बंद का करत नाही हेच कळत नाही, असे सिनेटर फुलब्राइट ३० जुलैला दूरचित्रवाणीवर म्हणाले. तारा पडल्यावर मॉस्कोला औपचारिक निषेध जाईपर्यंत चार दिवस लोटले. युद्धापेक्षा भिंत पुष्कळ बरी, असे केनेडी खासगीत म्हणाल्याचे त्यांच्या निकटवर्तीयाने नोंदवले आहे. 'मी बर्लिनकर आहे' हे प्रसिद्ध वाक्य जून १९६३ चे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनंतरचे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये चेकपॉइंट चार्लीवर अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले, ते कशासाठी? पूर्व बर्लिनमधील रंगमंदिरात निघालेल्या एका अमेरिकी अधिकाऱ्याने पूर्व जर्मन पोलिसांना कागदपत्रे दाखवावीत की नाही, यासाठी. सोळा तासांनी दोन्ही बाजू मागे सरल्या. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, २४ ऑगस्टला, पोहत पश्चिमेकडे निघालेल्या २४ वर्षांच्या ग्युंटर लिटफिनला गोळी घातली गेली, तेव्हा एकही रणगाडा हलला नव्हता. पुढील २८ वर्षांत भिंतीपाशी किमान १४० जणांचे प्राण गेले.

१९८९ मध्येही आरंभ कोणत्या शिखर परिषदेने झाला नाही. हंगेरीने ११ सप्टेंबरला ऑस्ट्रियाकडील वाट मोकळी केली आणि हजारो पूर्व जर्मन तिकडून निघाले. ९ नोव्हेंबरच्या रात्री बोर्नहोल्मर रस्त्यावरील चौकीपाशी गर्दी एवढी दाटली की, वरून आदेश नसताना पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांनी फाटक उघडले. मॉस्कोत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गोर्बाचेव्ह यांना ही बातमी सकाळी समजली.