अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की व्यापारी घरांमध्ये एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. पेढी आहे, तेव्हा वाणिज्य शाखा ठरलेलीच, असे आपण गृहीत धरतो. मीही अशाच घरातला. वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती; मी एम.कॉम. करून बँकेत गेलो. माझी मुलगी दहावी झाली आणि म्हणाली, “बाबा, मला विज्ञान घ्यायचे आहे. डॉक्टर व्हायचे आहे.” मी कागद घेऊन वर्षे मोजली. एम.बी.बी.एस.ची साडेचार, आंतरवासितेचे एक, पदव्युत्तर शिक्षणाची तीन. बेरीज तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, “इतकी वर्षे कशाला? वाणिज्य घे.” तिने ऐकले.

आज ती सनदी लेखापाल आहे, तिचे उत्तम चालले आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सगळे अहवाल तीच वाचून आम्हाला समजावून सांगत होती. डॉक्टरांनी विचारले, “आपण वैद्यकीय क्षेत्रात आहात का?” ती हसून म्हणाली, “नाही, बाबांनी वाणिज्य घ्यायला सांगितले.” मला मात्र हसू आले नाही.

यंदा तिची मुलगी दहावी उत्तीर्ण झाली आणि माझ्यासमोर येऊन बसली. “आजोबा, डॉक्टर व्हायचे असेल तर कोणते विषय घेऊ?” या वेळी मी वर्षे मोजली नाहीत, नियम वाचले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, तर राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेश मात्र ‘नीट’ या परीक्षेच्या गुणांवर ठरतो. ही परीक्षा ७२० गुणांची असते. त्यांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, तर भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांचा असतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष ही आपल्याकडची समजूत म्हणूनच महागात पडते.

गणित आवश्यक नाही. परंतु ते सोडले म्हणजे आकडेमोड सुटली असे नव्हे. भौतिकशास्त्राच्या पानापानावर ती भेटते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतल्यास अभियांत्रिकीचा मार्गही खुला राहतो, पण अभ्यासाचा भार वाढतो. ज्याचा निर्णय पक्का नाही त्याने दोन्ही घ्यावेत. ज्याचा पक्का आहे त्याने गणिताचा वेळ जीवशास्त्राला द्यावा. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला राज्याच्या सीईटीतून जीवशास्त्राच्या गटानेही जाता येते. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचे प्रवेश ‘नीट’वरूनच होतात.

गणिताचा गट घेऊन बारावी झालेल्यांसाठीही आता एक वाट आहे. मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झाल्यास तो ग्राह्य धरण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. तरीही त्यात वेळ जातोच. सुरुवातीलाच विषय घेतलेला बरा.

या व्यवहारात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे बी.कॉम.ला जाऊ शकतो, सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेला बसू शकतो. वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्याला वैद्यकीय शिक्षणाकडे वळायचे असेल, तर हे सारे विषय नव्याने शिकावे लागतात. परतीची वाट एकाच बाजूने सोपी आहे. माल घेताना आपण तो परत करता येईल का हे आधी विचारतो. मुलांच्या बाबतीत मी ते विचारले नव्हते.

इच्छा खरी आहे की नाही हेही पाहावे. आपली मुले सातव्या वर्षापासून दुकानात बसतात, म्हणून त्यांना दुकान कळते. दवाखाना त्यांनी रुग्ण म्हणूनच पाहिलेला असतो. ओळखीच्या डॉक्टरांना विनंती करून सुट्टीतले चार दिवस त्यांना तेथे बसू द्यावे. रुग्णांची रांग, रात्री-अपरात्रीचे बोलावणे, नातेवाइकांचे अश्रू हे सारे पाहूनही मूल “हेच करायचे” म्हणाले, तर आपण आडवे येऊ नये.

माझी नात आमच्या डॉक्टरांकडे आठ दिवस जाऊन आली. तिने जीवशास्त्र घेतले आणि गणित सोडले. “राहू दे गं गणित, उपयोगी पडेल,” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तिची आई माझ्याकडे पाहत होती. मी गप्प बसलो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. शैक्षणिक कर्ज घेताना काय पाहावे, हे पुढील अंकात.