गोगलगायीच्या पाठीवर गाठोडी कुणाची?

मरोळमध्ये दर रविवारी सकाळी नववी-दहावीची पाच-सहा मुलं माझ्याकडे इतिहासाचा अभ्यास करायला येतात. सनावळ्या त्यांना तोंडपाठ असतात. पण 'हे का घडलं?' असं विचारलं की सगळी गप्प. म्हणून एकदा म्हटलं, उत्तर लिहू नका, व्यंगचित्र काढा. विषय दिला संविधान सभा.

दुसऱ्याच दिवशी एका मुलाची अम्मी दारात उभी. "सर, चित्र काढायला माझी ना नाही. पण उद्या कुणी ते मोबाइलवर फिरवलं, तर पोलीस कुणाच्या घरी येतील?"

मला हा प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. 2012 मध्ये याच मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. 2015 मध्ये 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ छापलं म्हणून उर्दू 'अवधनामा'च्या संपादक शिरीन दळवींना अटक झाली आणि तेव्हा संताप आपल्याच समाजात उसळला होता. त्या माऊलीची भीती उगीच नव्हती.

मुलांना नमुना म्हणून मी शंकर यांचं 1949 चं व्यंगचित्र दाखवलं होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, मागे चाबूक उगारलेले नेहरू, भोवती बघ्यांची गर्दी. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. 2012 मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचा राजीनामा दिला. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोडही झाली.

माझ्याकडे येणाऱ्यांत शेजारच्या चाळीतली एक बौद्ध मुलगी आहे. चित्र बघून तिने विचारलं, "सर, बाबासाहेबांच्या मागे चाबूक का?" मी अडखळलो. ज्यांच्या पूर्वजांनी खरोखर फटके सोसले, त्यांना हे चित्र टोचणारच. ती टोचणी खरी आहे. पण कार्यालय फोडून ती जात नाही. मी तिला म्हटलं, तुला पटत नसेल तर याला उत्तर देणारं चित्र काढ.

मग आम्ही बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण काढून वाचलं. नझीरुद्दीन अहमद या सदस्याने मसुदा समितीला 'ड्राफ्टिंग'ऐवजी 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हणून चिमटा काढला होता. बाबासाहेबांनी भर सभागृहात त्याचा समाचार घेतला आणि उशिराचा हिशेब मांडला : सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. अटक नाही, मोडतोड नाही. टोमण्याला हिशेबाने उत्तर.

पुढच्या रविवारी त्या मुलीने चित्र आणलं. तीच गोगलगाय, पण पाठीवर गाठोड्यांचा डोंगर, त्यावर आकडा 2,473. आणि 'लवकर, लवकर' ओरडणारी माणसंच एकेक गाठोडं वर चढवत आहेत. हे उत्तर कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही. उशीर का झाला, हे नीट कळल्याशिवाय असं चित्र निघत नाही.

आता आमचे तीन नियम ठरले आहेत. चित्राच्या मागे तीन खऱ्या गोष्टी लिहायच्या. टीका खुर्चीवर करायची. कुणाचा धर्म, जात, शरीर यांवर नाही. आणि ज्याचं चित्र काढलं त्याची नात वर्गात बसली असेल, तर तिला ते समजावून सांगता आलं पाहिजे.

व्यंगचित्र हे आपलं काम नाही, असं काहींना वाटतं. मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 1877 मध्ये लखनऊहून 'अवध पंच' काढला आणि इंग्रजी राजवटीची उर्दूत खिल्ली उडवली. दाढी-टोपी एवढीच आपली ओळख करून काढलेली चित्रं आपण रोज बघतो. ती पाहून नुसतं चिडण्यापेक्षा आपल्या मुलांनी पेन्सिल हातात घ्यावी, आणि दुसऱ्याला तसं काढू नये हेही शिकावं.

त्या अम्मीशी तडजोड झाली आहे : चित्रं वहीतच राहतील, मोबाइलवर फोटो काढायचा नाही. तिचा मुलगा आता दर रविवारी वेळेआधी येतो. पण दहावीतल्या मुलाची इतिहासाची वही लपवून ठेवावी लागते, याचं मला वाईट वाटतं.