चौकट उचला, पण तिचं नाव सांगा

सिनेमा एका सेकंदात २४ चित्रं डोळ्यांवर फेकतो आणि एकही धड बघू देत नाही. म्हणून मी सिनेमा थांबवतो. पेण-रोह्यातली आपली पोरंही थांबवतात. जयंतीचा फ्लेक्स, पुस्तिकेचं मुखपृष्ठ, सगळ्याला चौकटी सिनेमातूनच काढतात. काढा. आपल्या बापजाद्यांच्या हातात कॅमेरा दिला होता कुणी?

पण काढायची तर नीट काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरफिरून मेलेल्या तुकड्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि माणसांची तोंडं ठिपक्यांची झाली की फ्लेक्सवाल्याला शिव्या घालायच्या, हे बास. मोठी फाईल मिळवा. फुल एचडी चौकटीत आडवे १९२० ठिपके असतात. दहा फुटांवर ताणले की इंचाला १६ पडतात, लांबनं बघायला चालतं. डीव्हीडीत ७२०, म्हणजे इंचाला फक्त ६. व्हीएलसीत सिनेमा थांबवून ई दाबत एकेक चौकट पुढं सरकायचं. हात हलतोय तिथं चित्र पुसट, हात थांबला की स्वच्छ. तिथं शिफ्ट धरून एस दाबा.

‘फँड्री’ (२०१४) घ्या. डुकरामागे धावणारं घर शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं. तिथं नागराज मंजुळेंनीच सिनेमा थांबवलाय, तुम्ही नुसती कळ दाबायची. पुढं मारलेलं डुक्कर टांगून नेतात आणि मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. ही चौकट कापू नका. डुक्कर छाटून नुसती भिंत ठेवणारा एडिटर ब्राह्मण्याचं काम फुकटात करून देतो.

आता माझं खरं भांडण. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) मधलं चवदार तळं उचलायचं, रंग काढायचा, वर दाणे पाडायचे, कडा पिवळ्या करायच्या आणि खाली ठोकायचं : महाड, २० मार्च १९२७. अरे, तो मामूटी आहे! थोर नट, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला या भूमिकेसाठी. पण तो मामूटी आहे. बाबासाहेबांचे खरे फोटो काय कमी आहेत?

महाड कुठं परदेशात नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, १९८१ साली रायगड झालं. या लढ्याला कागद आहेत. १९२३ चा बोले ठराव, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, आणि दहा वर्षं कोर्टात झुंजून १९३७ साली हायकोर्टातून आणलेला निकाल. एवढं खणखणीत नाणं खिशात असताना खोटं का चालवायचं? उद्या एखादा पांढरपेशा तो फोटो सिनेमातला म्हणून दाखवील आणि त्याच दमात सांगेल, यांचं महाडही सिनेमातलंच. त्याला ही सोय आपण करून द्यायची?

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चौकटीचा फोटो काढायचा हक्कही सिनेमाच्या मालकाकडं ठेवलाय. समीक्षेसाठी रास्त वापराला मोकळीक आहे. पुस्तिकेत त्या चौकटीवर लिहिलंत तर तुमची बाजू बळकट, नुसत्या फ्लेक्सवर लावलीत तर लंगडी.

कोपऱ्यात सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, साल लिहा. जागा नाही म्हणतात. शुभेच्छुकांची वीस तोंडं मावतात की! एक तोंड कमी करा.