चिडवणे ही गंमत नव्हे

टीव्हीवरील गुन्हेगारीच्या मालिका तुम्ही आवडीने पाहता. शिवाजी साटम यांची 'सी.आय.डी.' १९९८ साली सुरू झाली आणि वीस वर्षे चालली. अशा मालिकांत एक कथा पुन्हा पुन्हा भेटते. शाळेत ज्याला सर्वांनी छळले, तो मोठेपणी सूड घेतो. जुना अपमान माणूस विसरत नाही, हे त्यात खरे आहे. पण पुढचे मला पटत नाही. छळ सोसलेली मुले सहसा खून करीत नाहीत. ती गप्प होतात.

आपल्या जालना जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. उर्दू शाळेतून दहावी झालेला मुलगा मराठी माध्यमाच्या महाविद्यालयात जातो. वाचताना 'शाळा'चे 'शाला' होते, 'पाणी'चे 'पानी' होते. वर्ग खो खो हसतो. उर्दूत 'ळ' नाही, 'ण'ही नाही. मग जिभेला सवय कुठून असणार? दुसऱ्या दिवसापासून त्याचे नावच 'शाला' पडते. हसणारे तासाभरात विसरतात. तो मात्र वर्षभर हात वर करीत नाही. पुढे कचेरीत मराठीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली, तरी त्याला घाम फुटतो.

आता आपल्याकडेही पाहू. कोणी 'क़लम'ला 'कलम' म्हटले, तर तुम्ही हसत नाही का? आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल काही महिन्यांनी वर्गात परतते, तेव्हा त्याला कोणत्या नावाने हाक मारता?

हे मोठ्यांच्या जगातही चालते. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तडवी भिल्ल समाजातून इतके शिकलेल्या मुली थोड्याच. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून टोमणे मारून छळले, असा आरोप झाला आणि तीन डॉक्टरांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यांची आई आबेदा तडवी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दुसऱ्यांच्या मुलांवर अशी वेळ येऊ नये, ही त्यांची मागणी.

या गुन्ह्यात महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदाही लावला गेला. हा कायदा मारहाणीपुरता नाही. विद्यार्थ्याला भीती किंवा लाज वाटेल असे वागणे त्यात येते. साधे चिडवणेसुद्धा येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आली, की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. टाळाटाळ केली, तर त्यालाही गुन्ह्यास साथ देणारा मानले जाते.

तेव्हा तुमच्यावर किंवा तुमच्या सोबत्यावर अशी वेळ आली, तर घरी आणि शिक्षकांना लगेच सांगा. अर्ज तुम्ही द्या, पालकांनी द्यावा किंवा शिक्षकांनी. पण तो लेखी असू द्या. मराठीत लिहिलात तर उत्तम. 'ळ'च्या जागी 'ल' पडला, तरी तो अर्ज घ्यावाच लागेल.